अ‍ॅब्सलम कुठे निजलाय

केंटकीतल्या आमच्या परगण्यातल्या काळ्या शिपायांचा शोध माझ्या गळ्यात पडला तो चर्चच्या बायकांमुळे. अमेरिकेतली उत्तर-दक्षिणेची यादवी संपून दीडशे वर्षं उलटली, आणि निळा कोट घालून उत्तरेकडून लढलेली आमची माणसं अजून बिनदगडाची निजलेली. सरकार जुन्या शिपायाच्या कबरीला दगड देतं, पण तो कुठे पुरलाय ते आधी आपण दाखवायचं. "आयडेला, तू सलून बंद केलंस, मग आता दिवसभर करतेस काय?" असं रविवारच्या जेवणात सगळ्यांदेखत विचारलं गेलं. माझ्या तोंडात कोंबडीचा घास होता, म्हणून नाही म्हणायचं राहून गेलं.

आयुष्यभर मी बायकांचे केस केले. बेसिनवर मान टेकली आणि टाळूवरून कोमट पाणी गेलं की कुठलीही बाई बोलायला लागते. मेलेल्या पुरुषांना बोलतं कसं करायचं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. फौजेच्या कागदांत त्यांची उंची होती, कातडीचा रंग होता आणि 'मालक' या शब्दापुढे कुणाचं तरी नाव होतं. बस, एवढंच. मग मी दुपारी खिडकीपाशी बसून ती नावं मोठ्याने वाचायला लागले. दुसरं काय करणार?

तेवढ्यानेही हळूहळू घर भरत गेलं. स्वयंपाकघराच्या दारात ओल्या बुटांनी कुणी तरी उभं आहे, आत येऊ की नको असा विचार करतंय, असं वाटायचं. मोझेस नावाचा एक ठेंगणा शिपाई छावणीत गोवराने गेला होता, गोळी न झाडता. तो माझ्या डुलत्या खुर्चीत येऊन बसतो अशी माझी खात्रीच झाली. खुर्ची मधेच हलायची, मधेच थांबायची. "बस रे बाबा, मी कुठे उठवतेय तुला," असं मी म्हणायची आणि भेंडी चिरत राहायची. भीती कधी वाटली नाही. दुपारच्या झोपेतून जाग येताना घरात पाहुणे आहेत असं वाटतं ना, तसं ते वाटणं होतं.

एकेकाची जागा सापडत गेली. कुणी नदीकाठच्या जुन्या दफनभूमीत होता, कुणी रेल्वेच्या रुळांपलीकडे झाडीत. सापडत नव्हता तो माझ्याच घरातला. अ‍ॅब्सलम कॉथन, माझा पणजोबा.

त्याच्याबद्दल सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, माझी पार्थेनिया आत्या. वडिलांची थोरली बहीण, शंभरीला टेकलेली, वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या पलंगावर. अ‍ॅब्सलम तिच्या जन्माआधीच गेला होता, पण त्याची बायको केझाया पुष्कळ जगली, आणि आत्या त्या आजीच्या मांडीवर वाढली. अलीकडे आत्याचा काळ पाण्यासारखा झाला होता. आजचा दिवस आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा दिवस एकमेकांत मिसळून जायचे, आणि ती दोन्हींत सारखीच आरामात पोहायची.

"आत्या, अ‍ॅब्सलम कुठे निजलाय?"

"निळ्या फुलांत."

"कुठल्या निळ्या फुलांत?"

"डेल्फीजवळ."

"ही डेल्फी कोण?"

आत्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी खुर्चीत मागे सरकले. "पोटच्या पोरीला विसरलीस, केझाया?" ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

घरी येऊन मी सगळे कागद पुन्हा पाहिले. डेल्फी हे नाव कुठेच नव्हतं. केझायाची मुलं गुलामीत जन्मली होती, त्यांची नोंद कोण ठेवणार? पण केझाया लढाई संपेपर्यंत एकाच ठिकाणी राहिली होती, कॉथनांच्या शेतावर. पोर तिथेच गेली असणार. ते शेत अजून आहे आणि अजून कॉथनांकडेच आहे. म्हणजे गोऱ्या कॉथनांकडे. आडनाव आम्ही त्यांच्याकडून मागितलं नव्हतं, ते आम्हाला लावलं गेलं. पण आता इतक्या वर्षांनी ते आमच्याच अंगावर जास्त नीट बसतं, असं मला वाटतं.

तिथे कोरिन कॉथन एकटी राहायची, जवळपास माझ्याच वयाची. बाजारात मी तिला लांबून पाहिलेलं. फवारा मारून मारून लाखेसारखे घट्ट बसवलेले केस, वादळातही हलणार नाहीत असे. मी फोन लावला.

"मिस कोरिन, मी आयडेला कॉथन बोलतेय."

"आमच्यात आयडेला कुणी नाही."

"तुमच्यात नाही. आमच्यात आहे."

ती हसली. हे मला अपेक्षित नव्हतं. "या ना मग. मीही सध्या मेलेल्या कॉथनांच्याच मागे आहे," ती म्हणाली.

त्यांच्या ओसरीवर तिने मला बर्फ घातलेला गोड चहा दिला आणि पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या दाण्यांच्या, गोड पाईचा तुकडा कापून पुढे ठेवला. तिचा पणजोबा ल्युशन दक्षिणेकडून लढला होता, करड्या कोटात. केंटकीत हे असंच होतं, एकाच शेतातून दोन रंगांचे कोट निघाले. ल्युशनच्या नावाची पाटी ती फाटकाशी लावणार होती. मी अ‍ॅब्सलमचं नाव घेतलं मात्र, तिचा चेहरा उजळला.

"अ‍ॅब्सलम! अहो, आमच्या घरात त्याला कोण ओळखत नाही? ल्युशन लढाईत पडला तेव्हा अ‍ॅब्सलमनेच त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. दोघं भावांसारखे वाढलेले. ते मी पाटीवर लिहिणार आहे."

मी पेला खाली ठेवला. "मिस कोरिन, अ‍ॅब्सलम निळ्या कोटात होता. त्याने ल्युशनला पाठीवर घेतलंच असतं तर उलट्या दिशेला नेलं असतं. कैदी म्हणून."

तिच्या गालांवर लाली चढली. "माझ्या वडिलांनी सांगितलंय मला. याच टेबलाशी बसून."

"ते होते का तिथे?"

"तुमचं कुणी होतं?"

"माझी आत्या नव्हती. पण जी होती तिच्या मांडीवर वाढलीय ती."

कोरिन उठली, रिकाम्याच किटलीवर झाकण ठेवलं, पुन्हा काढलं. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आणा तिला."

एप्रिलमध्ये आम्ही आत्याला चर्चच्या गाडीतून नेलं. सकाळी पाऊस पडून गेला होता. कुरणांवरून धुकं उठत होतं आणि त्यात रस्त्याकडेची झाडं पांढरा-गुलाबी बहर घेऊन पाण्यावर तरंगल्यासारखी दिसत होती. तंबाखू वाळवायची जुनी काळी कोठारं एकेक करून धुक्यातून बाहेर यायची आणि मागे परत विरघळायची. शेताच्या फाटकातून गाडी वळली तशी आत्याने पर्समधून लिपस्टिक काढली आणि आरशाशिवाय नीट लावली.

ओसरीवर कोरिन उभी होती. आत्याने तिला चाकाच्या खुर्चीतूनच खालपासून वरपर्यंत निरखलं.

"ही कोण?"

"आत्या, या मिस कोरिन. हे त्यांचं घर."

"कॉथनांचीच आहे. नाक तेच."

कोरिनचा हात नकळत नाकाकडे गेला.

"बाई," ती आत्यासमोर बसत म्हणाली, "अ‍ॅब्सलम इथे परत आला होता ना? लढाईनंतर?"

"आला होता तर. न्यायला आला होता." आत्याचा आवाज एकदम स्वच्छ झाला. त्यात तिच्या आजीचा आवाज मिसळला होता, हे मला तेव्हाच जाणवलं. "असाच महिना. आजी तिकडे अंगणात कढईत चादरी उकळत होती. घोड्याच्या टापा ऐकल्या, वर बघते तर निळा कोट. म्हणाली, आली फौज, गेल्या कोंबड्या! मग बघते तर तो अ‍ॅब्सलम. इतका वाळलेला, की नुसता कोटच घोड्यावर बसून आलाय असं वाटावं."

"आणि ल्युशन?"

"तू बसलीस तिथेच. एक बाही टाचून वर बांधलेली. हिवाळ्यात एकटाच खेचरावर बसून घरी आला होता हात घालवून. पाठीवर कुणी आणला नव्हता." आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. निदान मी तरी नव्हतं. "मांडीवर बंदूक. एका हाताने ती कशी चालवणार होता देव जाणे, पण होती. अ‍ॅब्सलम म्हणाला, बायको-मुलांना न्यायला आलोय. कायदा झालाय, शिपायाची बायको-मुलं मोकळी. अ‍ॅब्सलमने मुलांवरून नजर फिरवली. टोबायस होता, तान्हा होता. म्हणाला, डेल्फी कुठाय?"

घरामागे एक गाय हंबरली.

"कुणी बोलेना. पोर थंडीत खोकल्याने गेली होती. त्याला कळवणार कोण? मग ल्युशन उठला. बंदूक भिंतीला टेकवली. पायऱ्या उतरला आणि चालायला लागला. त्याच्यामागे अ‍ॅब्सलम, घोड्याचा लगाम धरून. त्यांच्यामागे आजी, ओल्या हातांनी. ल्युशनने जागा दाखवली. टोपी काढली."

"आणि दोघं गळ्यात गळा घालून रडले," कोरिन हळूच म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"माझे वडील म्हणायचे."

"नाही रडले. वारा सुटला होता. पुष्कळ वेळ नुसते उभे होते. मग अ‍ॅब्सलम म्हणाला, 'ल्युशन, टोपी घाल. सर्दी होईल तुला.'" आत्या तोंडावर हात ठेवून हसायला लागली, लहान मुलीसारखी. "मालक नाही, अहो नाही, काही नाही! जन्मात पहिल्यांदा. आजी म्हणायची, मला वाटलं आता आभाळ कोसळतं. नाही कोसळलं. ल्युशनने टोपी घातली."

कोरिनने अंगणाकडे पाहिलं. तिथे आता तिची गाडी उभी होती. "हे खरं आहे?" तिने विचारलं, पण आवाजात भांडण नव्हतं.

"खोटं कशाला सांगू? मला काय ती टोपी मिळणार आहे?"

मी मात्र चिडले होते. "आत्या, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस!"

"तू तो कुठे निजलाय ते विचारायचीस. काय झालं ते कधी विचारलंस?" आत्या म्हणाली. "त्याने जन्मात पुन्हा या जमिनीवर पाय ठेवला नाही. पण मरायच्या आधी म्हणाला, मला पोरीजवळ ठेवा, फार वर्षं एकटी आहे. मुलांनी पहाटे गाडीत घालून आणलं. विचारलं नाही कुणाला."

कोरिनने चाकाच्या खुर्चीच्या मुठी धरल्या. मी धरणार होते, पण तिने आधी धरल्या. घरामागून, कुरणातून, उतारावरून ती आत्याला ढकलत निघाली. ओल्या मातीत चाकं रुतायची तेव्हा दोघी मिळून रेटा द्यायचो. पुढे एक तळं होतं, मातीच्या बांधाने अडवलेलं. त्याच्या वरच्या अंगाला जुन्या ओकखाली जमीन निळी झाली होती. जमिनीला चिकटून पसरणारा वेल, गर्द पानं, आणि त्यांत आभाळाचे तुकडे सांडावेत तशी फुलं. गवताला त्याने आत शिरू दिलं नव्हतं.

"आम्ही हिला निळी खोली म्हणायचो," कोरिन म्हणाली. "मी इथे भातुकली खेळायची. इथे दगड होते, नुसतेच, ओबडधोबड, रांगेने उभे. मी त्यांवर बाहुल्या बसवायची." मग तिचा हात वर गेला आणि तळ्याच्या बांधाकडे वळला. "वडिलांनी तळं बांधलं तेव्हा दगड लागले होते."

आत्या मान तिरकी करून काही तरी ऐकायचा प्रयत्न करत होती.

"ओढा कुठे गेला?" ती म्हणाली. "आजी म्हणायची, इथे ओढा आहे. पोरीला झोप लागते त्याने."

कोरिन मटकन त्या वेलीत बसली, चांगल्या फिकट पँटमध्ये. मीही बसले. आत्याला खुर्चीतच डुलकी लागली. धुकं तळ्यावरून वर सरकत आलं, आमच्या गुडघ्यांपर्यंत, मग खांद्यांपर्यंत. मला वाटलं, माझ्या घरात येऊन बसणारे ते सगळे आता उतारावरून वर चढताहेत. ओले बूट हातात घेऊन, आवाज न करता. मोझेस सगळ्यांत पुढे. प्रत्येकाने फुलं तुडवली जाणार नाहीत अशी जागा बघितली आणि बसला. त्यांच्यात एक फार बारीक माणूस होता, अंगाला मोठा झालेला कोट घातलेला. तो बसला नाही. जमिनीकडे बघत उभा राहिला. मी त्याला हाक मारणार होते, पण काय म्हणून मारू ते सुचेना, आणि तोवर ऊन आलं.

"तुम्हालाही दिसलं का काही?" मी कोरिनला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "पण मी बाजूला सरकून बसले होते. का, कुणास ठाऊक."

पुढचं सगळं तिने केलं. उन्हाळा ओसरल्यावर यंत्र बोलावून तळ्याचा बांध फोडला. तिचा चुलतभाऊ हार्लन शेजारची जमीन करतो, तो भांडायला आला. "गुरांनी पाणी कुठे प्यायचं?" "नळावर," कोरिन म्हणाली. "आपल्या घराण्याचं तळं ते!" "तळ्यात दुसऱ्यांच्या घराण्याचे दगड आहेत, हार्लन." मी तिथेच उभी होते, म्हणून त्याने पुढचे शब्द गिळले.

पाणी वाहून गेलं आणि चिखलातून दगड निघाले. ते चर्चच्या पुरुषांनी धुऊन वर आणले. कुठला दगड कुणाच्या डोक्याशी होता, हे सांगणारं कुणी नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं, रडूही आलं. कोरिन म्हणाली, "अगं, आता रडतेस काय? उचल." तिने मला अगं म्हटलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. आम्ही वेल बाजूला करून एकेक दगड ठेवत गेलो, जिथे जागा बरी वाटेल तिथे. सगळ्यांत लहान दगड मी ओकच्या मुळांशी ठेवला. तो डेल्फीचा असेल किंवा नसेल. ओढा खालून जोरात वाहत होता. तळ्याखाली इतकी वर्षं दबून राहिल्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं.

नेमकी कबर दाखवता येत नसल्यामुळे सरकारी दगड 'स्मरणार्थ' असा कोरून आला. तो बसवायच्या दिवशी मी आत्याला घ्यायला गेले, तर ती उठेना. "तो कुठे आहे ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "माहीत नव्हतं ते तुम्हाला. तुम्ही जा."

चर्चची माणसं झाडून सगळी आली होती. कोरिनकडचीही पाच-सहा माणसं आली होती, हार्लनसुद्धा, टाय लावून. आमच्या पाद्रींची प्रार्थना झाली आणि कोरिन पुढे आली. तिच्या माणसांच्या चेहऱ्यांवर ओळखीचं हसू होतं, घरातली आवडती गोष्ट ऐकायला बसल्यासारखं. तिने कोट आणि खेचर सांगितलं, मांडीवरची बंदूक सांगितली. कुणी कुणाला पाठीवर आणलं नव्हतं, हेही सांगितलं. "आमच्या घरात आम्ही वेगळं सांगत आलो," ती म्हणाली, "कारण ते ऐकायला बरं वाटायचं. मलाही वाटायचं." 'टोपी घाल' या शब्दांपाशी तिचा आवाज चिरला. आमच्या बायकांमधून कुणी तरी म्हणालं, "सांग गं, सांग," जसं आम्ही चर्चमध्ये म्हणतो, आणि तिने सांगून पुरं केलं.

मधेच हार्लन वळला आणि गाडीकडे चालता झाला. दार आपटल्याचा आवाज कुरणभर गेला. कोरिनने तिकडे पाहिलं. माझा हात तिच्या पाठीवर गेला. केसांना हात लावायचा मोह मी आवरला.

संध्याकाळी मी आत्याला सगळं सांगायला गेले. खिडकीतून तांबूस उजेड येत होता आणि तिच्या पांघरुणावर पसरला होता. दगडाचं तिने काही विचारलं नाही. जेवायला काय होतं ते विचारलं. तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, कोरिनची पाई. पाई कशी होती? गोड जास्त, मी म्हटलं. आत्याने मान डोलावली, जणू तिला तेच वाटलं होतं.

"आणि तो रुसून गेला तो कोण?"

"तिचा चुलतभाऊ. हार्लन."

"येईल परत," आत्या म्हणाली. "भूक लागली की."

मग तिने डोळे मिटले आणि अगदी खालच्या आवाजात कुणाशी तरी बोलायला लागली, मधेच थांबत, मधेच हसत. मी कान दिला नाही. पर्स उचलली आणि पाय न वाजवता बाहेर आले.